स्टँडवरचा गुरुवार

माझं घर शहराच्या कडेला पडेगावात, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. आई राहते ते आमचं गाव लासूर स्टेशनच्या अलीकडे. गावाकडून येणारी प्रत्येक एसटी मिटमिटा ओलांडून आमच्या वळणावरूनच शहरात शिरते. घर घेताना मी हाच विचार केला होता. म्हटलं, आईला यायला सोपं. थांब्यावर उतरली की चार पावलांवर मुलाचं दार.

एका गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो आणि त्या वळणावर एका लाल बसच्या मागे अडकलो. बस थांब्यावर थांबली, दोघं उतरले, तिघं चढले. मी मोटारसायकल बाजूनं पुढे काढू लागलो आणि खिडकीच्या गजावर एक हात दिसला. मनगटावर हिरवं गोंदण, तुळशीच्या रोपासारखं. ते गोंदण मी लहानपणापासून बघत आलोय. वर पाहिलं तर खिडकीत आई. पदर डोक्यावरून नीट घेतलेला, नजर सरळ समोर. आमच्या गल्लीकडे तिनं एकदा पाहिलं, आपलं घर जागेवर आहे ना बघावं तसं, आणि बस निघाली.

मला वाटलं, उतरायचं राहिलं. हॉर्न वाजवला, हात केला. तिनं पाहिलं नाही. मग छावणीतून बसच्या मागे मागे थेट मध्यवर्ती स्टँडवर गेलो. मनात नको ते विचार. गावात कुणाला काही झालं का, दवाखान्यात कुणाला आणलंय का.

आई सगळ्यांत शेवटी उतरली, शिडीवरून उतरतात तशी, दांडा धरून उलटी. पिशवी सावरली आणि कुणाला काही न विचारता फलाटाच्या टोकाच्या बाकाकडे निघाली. तिथं माझी मावशी बसली होती. करमाडची, आईची धाकटी बहीण. आईला पाहताच तिनं बाकावर ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. म्हणजे जागा धरून ठेवली होती.

मी समोर जाऊन उभा राहिलो.

"तू इथं कामून?" आईनंच मला विचारलं, जसं काही मीच नको तिथं सापडलो होतो.

"मी कामून? तू कधी आलीस? कोण आजारी आहे?"

"कुणी नाय आजारी. हळू बोल."

मावशी हसायला लागली. "घे अक्का, पकडलं पोलिसानं तुला."

त्या दर गुरुवारी इथं भेटत होत्या. उन्हाळ्यापासून. आई पश्चिमेकडून यायची, मावशी जालना रोडनं पूर्वेकडून. दुपारपर्यंत बसायच्या, सोबत आणलेली भाकरी खायच्या आणि ऊन कलायच्या आत आपापल्या बसनं परत जायच्या. आई गावी माझ्या मोठ्या भावाकडे राहते. ती घरून निघताना "शहरात जाऊन येते" एवढंच सांगायची. भावाला वाटायचं ती माझ्याकडे येते. मला वाटायचं ती गावी आहे. ती कुणाशी खोटं बोलली नव्हती. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

"अगं पण माझ्या दारावरून जातेस, उतरत का नाहीस?"

"उतरले तर बस निघून जाईल ना," आई म्हणाली.

मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही.

पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना एसटीत तिकिटाचे पैसे लागत नाहीत, हे कळल्यावर आधी आई बसमध्ये बसायलाच तयार नव्हती. गावातल्या बायकांनी चिडवून हैराण केलं. "निघाली का सरकारची सासूबाई?" असं पाराजवळून कुणीतरी ओरडायचं. पहिल्या खेपेला कंडक्टरनं आधार कार्ड पाहून मशीनमधून तिकीट काढलं आणि तिच्या हातात दिलं. त्यावर रकमेच्या जागी शून्य. आईनं कनवटीची दहाची नोट पुढे केली. "घे बाळा, अगदीच फुकट नको."

"आजी, तुमचं घेतलं तर माझी नोकरी जाईल," कंडक्टर म्हणाला. "बसा निवांत."

ती निवांत बसली नाही. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत ती खिडकीजवळ बसायचीच नाही. पैसे दिलेल्या माणसानं खिडकीत बसावं, असं तिचं म्हणणं. कुणी तरणा मुलगा उभा दिसला तर हीच उठायला बघायची, कारण त्यानं पूर्ण तिकीट काढलेलं. तिची ही सवय मावशीनं मोडली. मावशी सत्तरी ओलांडलेली, पण पंचाहत्तरीला अजून तीन दिवाळ्या बाकी. तिला बायकांचं अर्धं तिकीट. ती म्हणाली, "खिडकीचं तिकीट वेगळं असतं का गं? मग बस की. अर्ध्या तिकिटात मी पूर्ण खिडकी घेते, तू तर थोरली."

त्यांच्यात एक नियम ठरला होता. चहा आईनं पाजायचा. "तुझं तिकीट सरकारनं काढलं, चहा तू पाज," मावशीचा सरळ हिशोब. त्यापलीकडे कुणी कुणाला काही द्यायचं नाही. भाकरी आपापली, भाजी मात्र एकमेकींच्या डब्यात बोट घालून चाखायची आणि नावं ठेवायची.

मला या सगळ्याचं अप्रूप का वाटलं हे सांगायला हवं. माझ्या लहानपणी आई कुठं जायची म्हणजे कारण लागायचं. लग्न, माती, बाळंतपण, नाहीतर कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं. वडील वाईट नव्हते, पण पिशवी उचलली की त्यांचा पहिला प्रश्न, "काय काम काढलं?" आणि नुसतं बहिणीला भेटायचंय हे काम नव्हतं. आईला आणि मावशीला भाऊ नव्हता. आजी-आजोबा गेल्यावर माहेरचं दार बंद झालं. मग दोघी भेटायच्या त्या दुसऱ्याच्या मांडवात नाहीतर दुसऱ्याच्या रडण्यात, तेही पंगत वाढता वाढता. करमाड आणि आमचं गाव यांच्यात सगळं मिळून दोन बसचा प्रवास. तो प्रवास आईनं बिनकामाचा पहिल्यांदा केला तो पंचाहत्तरीनंतर.

आणि स्टँडच का, तर त्यालाही कारण होतं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. गावापासून लासूर स्टेशनच्या शाळेत पासावर गेलो आणि पुढे शहरात कॉलेजला खोली घेऊन राहिलो. मेसचा खर्च झेपणारा नव्हता. आमच्याकडची पुष्कळ मुलं तेव्हा गावच्या डब्यावर शिकायची, आजही शिकतात. आई पहाटे स्वयंपाक करून डब्याला कापड बांधायची, वडील तो सकाळच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे ठेवायचे. मी स्टँडवर जाऊन भरलेला डबा उतरवून घ्यायचो आणि आदल्या दिवशीचा परत ठेवायचो. त्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी माझा डबा कधी हरवला नाही. त्यांची नावं मला तेव्हाही ठाऊक नव्हती. मी जो काही आहे तो त्या डब्यावर आहे, असं मी सभेत बोलायचं म्हणून नाही, खरोखर मानतो.

आईनं मात्र या उन्हाळ्यापर्यंत तो स्टँड कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी बाकावर बसून ती मला म्हणाली, "माझी भाकरी रोज इथं उतरायची. म्हटलं, आपण बी एकदा उतरून बघू."

त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेलो. दिवसभर मला एकच सलत होतं. दोन म्हाताऱ्या बायका, एक माझी आई, एक मावशी, गर्दीत, धुरात, गाड्यांच्या घोषणांमध्ये सिमेंटच्या बाकावर बसून जेवतात, आणि माझं दोन खोल्यांचं, पंख्याचं, फिल्टरच्या पाण्याचं घर रस्त्यात रिकामं. बायकोलाही वाईट वाटलं. म्हणाली, "आपण जिवंत असताना आईंनी स्टँडवर जेवायचं?"

पुढच्या गुरुवारी मी रजा टाकली. ओळखीच्या माणसाची गाडी घेतली आणि दोघींना स्टँडवरून घरी आणलं. आईही मनातून खूश होती, हे खरं. मुलाचं घर बहिणीला दाखवायचं राहिलं होतं. तिनं मावशीला स्वयंपाकघर दाखवलं, गच्ची दाखवली, नळ सोडून पाणी दाखवलं. मावशी "व्हय, लई चांगलं," म्हणत होती. सोफ्यावर बसली तीही कडेला, पाठ न टेकता. बायकोनं पुरणपोळी केली होती. मावशी आमच्याकडे बघत सावकाश जेवली. बोलणं चाललं होतं, पण मुलांची शाळा, पाऊसपाणी, जमिनीचे भाव असलं. स्टँडवर आईची भाजी चाखून "ही भाजी केली का औषध?" म्हणणारी मावशी इथं "पुरण छान झालंय हो" म्हणाली. दोघी एकमेकींशी कमी आणि आमच्याशी जास्त बोलल्या.

निघायच्या वेळी आईनं बायकोला आत बोलावलं. मला वाटलं होतं नारळ आणि खण. आईनं बायकोच्या कपाटातली नवी साडी काढायला लावली. जांभळी, काठपदराची. मावशीचे यजमान आहेत, म्हणून बायकोनं हळदीकुंकू लावून रीतसर ओटी भरली. काकांसाठी टॉवेल-टोपी. मावशी "कशाला, कशाला" म्हणत राहिली आणि आई "असू दे गं, पहिल्यांदा आलीस पोराच्या घरी" म्हणत राहिली. मावशीनं साडी कपाळाला लावली. मला फार बरं वाटलं. आपण शिकलो, कमावते झालो, त्याचं चीज झालं असं वाटलं.

त्यानंतरच्या गुरुवारी मावशी आली नाही.

आई स्टँडवर एकटीच बसून परत गेली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. फोन केला तर मावशी म्हणायची, गुडघा दुखतोय. मी म्हटलं, हाडांच्या डॉक्टरला दाखवू, मी घेऊन जातो. ती म्हणाली, "नको रे बाबा, तेल लावते, जाईल." मी आईला सांगितलं की मावशीचं दुखणं वाढलेलं दिसतंय, आता तिचा प्रवास संपला.

आई गावाकडून फोनवर बोलत होती. मग म्हणाली, "गुडघा नाय दुखत तिचा. साडी दुखतीय."

मला कळलं नाही. मग तिनं समजावून सांगितलं. मुलाच्या घरी जाऊन साडी घेतली म्हणजे मावशीला आता माझ्या बायकोला साडी करावी लागणार. मला कपडे, मुलांच्या हातावर काहीतरी. आणि आईला घरी बोलावून जेवण. ते सगळं मावशीच्या हातात नव्हतं. मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर जातो, घर सुनेच्या हातात. सून भली आहे, नाही म्हणणार नाही. पण तिला मागावं लागणार. आणि मागितलं की "कशासाठी, कधी, केवढ्याची" हे आलंच. ते फेडल्याशिवाय आईच्या समोर बसायचं कसं, या लाजेनं मावशी घरात बसली होती.

"स्टँड कुणाचं घर नव्हतं," आई म्हणाली. "म्हनून बरं होतं. तिथं कुणी पाव्हणं नाय, कुणी यजमान नाय. मलाच कळायला पायजे होतं. पोराचं घर दाखवायची हौस नडली मला."

मी म्हटलं, "मी जाऊन मावशीला सांगतो की परतफेड काही नको."

"असं सांगितल्यावर तर ती जन्मात येणार नाय. 'नको' म्हणणं म्हंजे तिची ऐपत काढणं. तू काही सांगू नको. गुरुवारी माझ्याबरोबर चल."

गुरुवारी मी पडेगावच्या थांब्यावरून तिच्याच बसमध्ये चढलो. स्टँडवर उतरून आम्ही जालन्याची गाडी धरली. तिला शून्याचं तिकीट, मला पूर्ण. चिकलठाणा गेलं, शेंद्रा गेलं. ती खिडकीत बसून दोन्ही बाजूच्या कंपन्या बघत होती. मी विचारलं, "मावशीच्या घरी काय न्यायचं? पेढे घेऊ का?"

"काही नाय न्यायचं. घरी जायचंच नाय."

करमाडला ती थांब्याच्या शेडमध्ये जाऊन बसली. चपला काढून पाय वर घेतले. "जा, आणि तिला सांग, तुझी बहीण थांब्यावर बसलीय. बसनं आलीय, बसनं जाणार हाय. येत असशील तर ये."

मावशीच्या घरी सुनेनं पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. मावशी ज्वारी निवडत होती. मी निरोप सांगितला तसा तिचा चेहरा उतरला.

"थांब्यावर? घर असताना थांब्यावर बसली? लोक काय म्हणतील मला?"

"ती म्हणाली, बसनं आलीय, बसनं जाणार."

मावशीनं सूप खाली ठेवलं. मग सुनेला म्हणाली, "चहा नको टाकू. माझी चप्पल बघ." गुडघा दुखणाऱ्या बाईच्या मानानं ती झपझप चालत होती. मला मागे राहावं लागलं.

थांब्यावर पोचताच तिनं आईला झापायला सुरुवात केली. "वेशीवर येऊन बसलीस अक्का? दुष्मनाच्या गावाला आलीस का?"

"दुष्मनाच्या नाय. देणेकऱ्याच्या," आई शांतपणे म्हणाली. "साडीची परतफेड घ्यायला आले."

मी आईकडे बघतच राहिलो. असं तोंडावर कुणी बोलत नाही.

"देणार हाय मी," मावशी हळू आवाजात म्हणाली. "दिवाळीपर्यंत देणारच होते."

"दिवाळी कशाला? आत्ता दे." आईनं रस्त्यापलीकडच्या टपरीकडे बोट केलं. "चहा पाज. आजवर मीच पाजत आले. आज तू पाज, फिटलं."

"एका चहात साडी फिटती होय?"

"माझ्या हिशोबानं फिटती. थोरली मी हाय का तू?"

मावशी तिच्याकडे रोखून बघत राहिली. मग पदराची गाठ सोडायला लागली. सोडता सोडता म्हणाली, "साखर जास्त टाकायला सांगते, काठपदराची होती ती." आणि दोघींना हसू आवरेना. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पदरानं पुसलं आणि पुन्हा हसली. टपरीवाला कपबशा घेऊन आला. पैसे मावशीनं दिले. मी खिशात हात घातला तर आईनं मनगट धरलं.

चहा झाला आणि जालन्याकडून शहराची बस आली. मावशीनं मागे वळून घराकडे पाहिलं. मग शेजारच्या दुकानदाराला ओरडून सांगितलं, "सुनेला सांगा, मी जरा जाऊन येते." दुकानदारानं विचारलं, "काय काम काढलं?"

"काही काम नाय," मावशी म्हणाली आणि दांडा धरून चढली.

कंडक्टर आला. मी पैसे पुढे केले. त्यानं तिघांकडे पाहून तिकिटं फाडली. एक पूर्ण, एक अर्धं, एक शून्याचं. त्या पुढच्या बाकावर बसल्या, मावशी खिडकीत. आईनं काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही, पण मावशी म्हणाली, "औषधच होतं ते, भाजी नव्हती." माझं ऑफिस जालना रोडलाच आहे. आई वळून म्हणाली, "तू उतर आता. तुझ्या कामाला जा." मी उतरलो. बस त्यांना घेऊन स्टँडकडे गेली.

त्यानंतर मी त्यांना घरी आणलं नाही. घर बघायला मावशी सणावाराला येते, मुलांच्या वाढदिवसाला येते, ते वेगळं. ते रीतीनं होतं. ती जांभळी साडी मी तिच्या अंगावर एकदाच पाहिली, एका लग्नात. छान दिसत होती.

पण गुरुवारी सकाळी मी थोडा लवकर निघतो. बायको एक डबा भरून देते, दोघींना पुरेल एवढी भाजी. आईनं सांगून ठेवलंय, भाजी चालेल, पोराच्या घरची आहे, तिचं देणंघेणं नसतं. पडेगावच्या थांब्यावर बस थांबते तेवढ्यात मी खिडकीतून डबा वर देतो आणि आई गेल्या आठवड्याचा डबा खाली देते. कधी बस घाईत असली तर कंडक्टर दारातून हात लांब करतो. "आजीचा डबा ना? द्या इकडं."

परत आलेला डबा कधीच रिकामा नसतो. आत मूठभर फुटाणे असतात, स्टँडवरून घेतलेले, कधी चार गोळ्या मुलांसाठी. रिकामा डबा परत देऊ नये, ही रीत तिच्याच हातची. ती तिला स्टँडवरही मोडवत नाही. मी डबा मोटारसायकलला अडकवतो आणि बस छावणीकडे वळेपर्यंत तिथंच उभा राहतो. गोंदणाचा हात गजावर असतो. ती मागे बघत नाही. तिला समोरचं बघायचं असतं.